नुसतं वाकायचं

वन खात्याच्या जीपमधून गळ्यात घालायच्या पट्ट्यांची खोकी उतरली, तेव्हा कुशाबाई देवळाच्या ओट्यावर सगळ्या बायकांच्या पुढे मांडी घालून बसली होती. विश्वजीत नावाच्या तरुण वनरक्षकानं एक पट्टा वर धरून दाखवला. रुंद, जाड, आणि बाहेरच्या अंगानं टोकदार खिळे. शेतात जाताना बायकांनी आणि शाळेला जाताना पोरांनी तो गळ्यात घालायचा. बिबट्या मान धरतो. मानेवर खिळे असले की तोंडाला टोचतात आणि तो सोडून देतो, असं त्यानं समजावून सांगितलं.

 एका बाईचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, तिचं बघून शेजारणीचा गेला.

कुशाबाईनं पट्टा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "आरं बाबा, ह्यो तर आमच्या काळ्याचा पट्टा!"

"काळ्या कोण, आजी?"

"आमचं कुत्रं. माझ्या बापानं लोहाराकडनं असाच घडवून घेतला व्हता, लांडग्यानं नरडं धरू नये म्हनून. तवा कुत्री घालायची, आता मान्सांनी घालायचा. लई परगती केली म्हनायची सरकारनं."

बायका हसल्या. विश्वजीतही हसला. मग घसा साफ करून म्हणाला, "पट्टा राहू द्या. त्याच्याहून महत्त्वाचं ऐका. बिबट्या समोर आलाच तर काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही..."

"त्याला च्या इचारायचा न्हाई!" कुशाबाई म्हणाली.

मग मात्र ओट्यावर हशा पिकलाच. शेजारच्या वस्तीवरची पार्वतीबाई हसता हसता ठसकली, तिच्या पाठीत गुद्दे घालावे लागले. कित्येक आठवड्यांत त्या गावात कुणी असं हसलं नव्हतं. त्या हशात विश्वजीत बोलत राहिला. त्याचे ओठ हलत होते, एकदा त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले, एकदा नाही नाही अशी मान हलवली. शब्द कुणाच्याच कानावर पडले नाहीत. कुशाबाई पदरानं डोळे पुसत होती.

हसणं तिला परवडत होतं. जनावराची भीती तिला कधी कुणी शिकवलीच नव्हती.

तिचं माहेर वरवंडच्या खालच्या अंगाला, माळावर. घर म्हणावं असं काही नव्हतंच. मेंढरं, सामान लादायची एक घोडी, रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, दोन कुत्री आणि त्यांच्या मधोमध घोंगड्यावर निजणारी माणसं, या सगळ्याला मिळून ते लोक वाडा म्हणत. गवत संपलं की वाडा उठायचा आणि दुसऱ्या माळाला बसायचा. पहाटे कुशा डोळे चोळत उठायची तेव्हा समोरच्या चढावर चिंकारे उभे असत, कान टवकारून, जणू काही तेच या पोरीच्या उठण्याची वाट बघत होते. काळविटांचा कळप लांबून धुळीसारखा सरकत जायचा. खोकडाची पिल्लं बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या शेपट्या ओढायची. तरस दिवसा दिसायचं नाही, पण मेलेलं जनावर टाकलं की सकाळी हाडं गेलेली असायची, आणि तिची आई म्हणायची, "बरं झालं, झाडलोट झाली."

आणि लांडगा. त्याचं नाव दिवस मावळल्यावर घ्यायचं नाही. पाव्हणा म्हणायचं. पाव्हणा येऊन गेला, पाव्हण्यानं कोकरू नेलं, आज पाव्हणा वरल्या अंगाला हाय. कुशाचा बाप गेणबा कोकरू गेलं की शिव्या द्यायचा, पण त्या शिव्या भावकीतल्या माणसाला द्याव्यात तशा असायच्या. मारायला तो कधी गेला नाही.

कुशा लहान असताना एकदा एक कोकरू मागं राहिलं म्हणून ती परत गेली, तर कोकराच्या पलीकडे पाव्हणा उभा. मळकट रंगाचा, लांब पायांचा, पिवळ्या डोळ्यांचा. तिच्याकडे बघतच राहिला.  तेवढ्यात लांबून गेणबाची आरोळी आली, "वाक!"

ती वाकली. हाताशी दगड नव्हता, नुसतं कुसळी गवत होतं. तरी वाकली आणि मूठ मिटून उठली. लांडगा वळला आणि घाई न करता चालू लागला.

"दगड न्हवता आबा," संध्याकाळी ती म्हणाली.

"दगड लागत न्हाई पोरी. नुसतं वाकायचं. आपल्या आज्या-पणज्यांचे धोंडे त्याच्या आज्या-पणज्यांनी खाल्ल्यात. आपण वाकलो की त्याचं त्यालाच लागतं."

एवढी एकच विद्या कुशाबाईनं माहेराहून आणली. लग्न होऊन ती घोड नदीच्या अंगाला आली. नवरा ज्योतिबा याचाही वाडाच होता, त्याच्यामागं ती काही वर्षं माळोमाळ हिंडली. मग कालव्याला पाणी आलं. ज्याच्या त्याच्या तोंडी ऊस. ज्योतिबानं मेंढरं विकली, माळ नांगरला, पाइपलाइन केली. त्यानंतर त्यांचं वाईट झालं असं काही नाही. पत्र्याचं होतं ते स्लॅबचं घर झालं, म्हशी आल्या, मुलगा सुरज आयटीआय करून सणसवाडीच्या कंपनीत लागला. ज्योतिबा वारला तोही म्हातारपणानं, अंथरुणावर, सुखानंच. फक्त चिंकारे गेले. खोकडांच्या बिळांवरून ट्रॅक्टर फिरला. पाव्हणा कुठं गेला हे कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला लागावं इतकी मेंढरंच कुणाकडं उरली नव्हती.

शेवटचा लांडगा तिनं पाहिला तो सोलापूर रस्त्यावर, वरवंडच्या अलीकडे, भाच्याच्या लग्नाला जाताना. गाडीखाली येऊन पडलेला होता. जीपमधली माणसं म्हणाली, कुत्रं हाय, काच वर घ्या. कुशाबाईनं ते लांब पाय ओळखले.  लग्नाच्या घरी तिला जेवण गेलं नाही आणि पित्त झालं असं सगळ्यांना वाटलं.

आणि ऊस जसा वाढला तसा त्यात दुसराच कुणी येऊन राहिला. गावात त्याला सगळे वाघच म्हणत. बिबट्या हा शब्द पेपरातला आणि वन खात्याचा. उसात त्याला सावली होती, पाटाला पाणी होतं, वस्त्यावस्त्यांवर कुत्री आणि कालवडी होत्या. त्याची पिल्लं उसातच जन्मायची आणि उसालाच जंगल समजून मोठी व्हायची. कुशाबाईनं तो एकदाच पाहिला होता, सुरजच्या गाडीवर मागं बसून येताना, दिव्याच्या उजेडात पाणंदीची वाट ओलांडून जाणारी एक लांब शेपूट. "मोठं मांजर हाय," ती घरी येऊन सुनेला म्हणाली. "लांडग्यापुढं काय न्हाई."

सून प्रतिभेनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं. पण पार्वतीबाईच्या गोठ्यातली कालवड गेली, आणि नंतर नदीपलीकडच्या गावातलं एक लेकरू अंगणातून गेलं, तेव्हापासून तिला झोप लागेना. सुरज रात्रपाळीला असला की ती दाराला आतून पलंग लावायची. एका सकाळी फुलं तोडून आल्यावर तिनं डोक्यावरचं झेंडूचं गाठोडं उतरवलं आणि सरळच विषय काढला.

"आत्या, शितल म्हणत होती, शिक्रापूरला तिच्या शेजारची खोली रिकामी झालीय." शितल तिची थोरली बहीण.

"व्हऊ दे की. आपल्याला काय त्याचं?"

"आपण घ्यावी म्हणते. प्रांजूची शाळा तिकडंच बघू. ह्यांनाबी कंपनी जवळ पडंल."

"आन् मी?"

"तुम्हीबी चला."

"आन् म्हशी? त्या बांधू तुझ्या गॅलरीत?"

प्रतिभा हसली नाही. "मला माझी पोरगी जिती पायजे आत्या. बाकी काय नको."

 प्रांजल कुशाबाईच्या कुशीत वाढलेली. सहा वर्षांची झाली तरी आजीचा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय निजायची नाही. ती गेली तर त्या स्लॅबच्या घरात म्हशींशी बोलायचं आणि मरायचं, एवढंच उरत होतं. तिनं हुकमी आवाजात सांगितलं, "पोरीला मी न्हेती आन् मीच आणती. डांबरीपोतर जायाचं, गाडीत बसवायचं, संध्याकाळी उतरवून घ्यायचं. माझ्या राखणीतलं कोकरू आजवर गेलं न्हाई."

हे खरं नव्हतं. पण खोटं बोलतोय असंही तिला वाटलं नाही.

"कोकरू न्हाई आत्या ते," प्रतिभा म्हणाली. तिनं गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाली, "शाळेचं वरीस संपूस्तोवर बघते. पुढं मात्र मी कुणाचं ऐकायची न्हाई."

एवढी मुदत कुशाबाईला पुरेशी वाटली. पोरगी धीट झाली, की सुनेची भीतीही आपोआप जाईल असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा भरली. कुशाबाई म्हशीच्या आडून गुरगुरत यायची आणि प्रांजलनं पळायचं नाही, रडायचं नाही, नजर हटवायची नाही, वाकायचं, मूठ मिटायची, उठायचं. पहिल्या दिवशी पोरगी हसून हसून लोळली. मग तिला गोडी लागली. पार्वतीबाईच्या वस्तीवरची दोन भुंकरी कुत्री रोज पाणंदीत आडवी यायची. प्रांजल त्यांच्यासमोर वाकली तशी ती शेपूट घालून पळाली. ती नाचत घरी आली.

"आज्जे, दगड न्हवताच! तरीबी पळाली!"

"दगड लागत न्हाई," आजी म्हणाली. आपल्या बापाचा आवाज आपल्याच तोंडातून बाहेर पडला, म्हणून ती दिवसभर खुशीत होती.

प्रतिभा ओट्यावर बसून हार ओवत हे बघायची. सकाळी पोरीच्या गळ्यात पट्टा मात्र तीच बांधायची, स्वतःच्या हातानं, बक्कल ओढून बघून. "काळ्याचा पट्टा घालून म्हाळसा चालली शाळंला," असं कुशाबाई म्हणायची. प्रतिभेचे ओठ आवळले जायचे.

त्याच सुमाराला शाळेत बाईंनी चार्ट करायला सांगितला होता, आपल्या भागातले वन्य प्राणी, पूर्वीचे आणि आताचे. प्रांजल रंगपेट्या घेऊन आजीपुढं पालथी पडली. आजी सांगत गेली आणि ती काढत गेली. चिंकारा शेळीसारखा झाला, तरस म्हशीच्या रेडकासारखं झालं, खोकडाला आजीच्या सांगण्यावरून शेपटीचं टोक काळं मिळालं.

"आज्जे, पूर्वीच्या बाजूला जागाच पुरंना."

"आन् आताच्या?"

"तिकडं एकटा वाघच काढलाय. मोठ्ठा."

बाईंनी त्याच्याखालचं वाघ खोडून बिबट्या केलं आणि बाजूला रानडुक्कर, मुंगूस, कोल्हा काढायला लावले. चार्ट वर्गात लागला.

कारखाने सुरू झाले, उसाला तोड आली. पाणंदीच्या डाव्या हाताचा सगळा फड तोडून मोकळा झाला, उजव्या हाताचा उभा होता. इतके दिवस दोन भिंतींतून चालल्यासारखं वाटायचं, आता एका अंगाला उघडं रान बघून कुशाबाईला मोकळं वाटलं. तिला हे सुचलं नाही, की डाव्या फडात जे राहत होतं तेही आता उजव्या फडात आलेलं असणार. लांडगा माळावरचा. तो उघड्यावर राहतो आणि उघड्यावरूनच येतो. आडून येणारं जनावर तिच्या हिशेबातच नव्हतं.

संध्याकाळ होती, ऊन अजून होतं. गाडीतून उतरून प्रांजल उड्या मारत थोडी पुढं चालली होती. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस झाला होता आणि तिच्या मुठीत चॉकलेट होतं, आजीला अर्धं द्यायचं म्हणून न खाल्लेलं. कुशाबाई मागून तिचं दप्तर घेऊन येत होती. वळणावर पोरगी थांबली. बांधावर, उसाच्या कडेला, तो बसलेला होता. कुत्रं बसतं तसा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

प्रांजल पळाली नाही. रडली नाही. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती वाकली.

आणि कुशाबाईला, त्या एका क्षणी, बरं वाटलं. पोरगी बरोब्बर वाकली होती. हे तिला पुढं कधीच विसरता आलं नाही.

मग तिला दिसलं की जनावर उठून वळत नाहीये. उलट ते खाली होतंय, पोट जमिनीला लावतंय, त्याचे कान मागं गेलेत. पोरगी चॉकलेटची मूठ जमिनीला टेकवून वाकलेलीच होती, दगड उचलण्याचं नाटक नीट वठवत. कुशाबाईच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ते आलं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दप्तर तिनं त्याच्या तोंडावर मारलं, ते फाटून पुस्तकं उधळली. तिनं त्याच्या कातड्यात हात घातला, ते तिला गरम लागलं. खांद्यापासून कोपरापर्यंत काही तरी उसवत गेल्यासारखं झालं. ती गुरासारखी ओरडत होती. तोडणीच्या टोळीतली माणसं कोयते घेऊन धावत आली आणि ते उसात गेलं, पाचट वाजवत.

प्रांजल वाचली. डोक्याला आणि पाठीला टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. मानेला मात्र ओरखडाही नव्हता. पट्ट्याचे दोन खिळे वाकले होते. पट्ट्यानं वाचली, असं वन खात्याची माणसं म्हणाली. म्हातारीनं वाचवलं, असं गाव म्हणालं. कुशाबाईचा उजवा हात खांद्याशी बांधून टाकला होता, तो पुन्हा पूर्ण वर जाणार नाही असं डॉक्टर सुरजला दाराबाहेर सांगत होते आणि ते तिला आत ऐकू येत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी शेजारच्या खाटेवर बसून बिस्कीट खात होती, तेवढं बस होतं.

विश्वजीत जबाब घ्यायला आला. तो खाटेच्या कडेला टेकला आणि हळू आवाजात पोरीला विचारू लागला. "तू त्याला बघितलंस तेव्हा काय केलंस बाळा?"

"मी वाकले."

"वाकलीस? का गं?"

"दगड घ्यायला. तिथं दगड न्हवता, पण दगड लागत न्हाई. नुसतं वाकायचं." पाढे म्हणून दाखवावेत तसं तिनं ते म्हटलं आणि शाब्बासकीसाठी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. "आज्जीनं शिकवलंय."

विश्वजीतनं पेन खिशाला लावलं. खोलीत सुरज होता, प्रतिभा होती, डबा घेऊन आलेली पार्वतीबाई होती. 

"आजी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, "त्या दिवशी देवळापाशी मी तेवढंच तर सांगत होतो. वाकायचं नाही. खाली बसायचं नाही. उभ्या माणसाला तो बिचकतो. वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. पोरं तर आधीच लहान."

पार्वतीबाईनं डबा स्टुलावर ठेवला आणि काही तरी पुटपुटून निघून गेली. सुरज खिडकीतून बाहेर बघू लागला. प्रतिभा ओरडेल, असं कुशाबाईला वाटलं. ओरडावं असंच वाटत होतं. प्रतिभेनं पोरीच्या अंगावरचं बिस्किटाचं चूर झटकलं, चादर वर ओढली आणि मग सासूकडे न बघता म्हणाली,

"अंगणात खेळताय वाटायचं मला."

एवढंच. त्यानंतर घरी आल्यावरही तिनं कधी तो विषय काढला नाही. ती सासूला वेळेवर जेवायला वाढायची, जखमेची पट्टी बदलायची, केस विंचरून द्यायची. कुशाबाई त्या हातांखाली मान खाली घालून बसायची. शिवी दिली असती तर उलट शिवी तरी देता आली असती.

पंधरवड्यानं गावानं तिचा सत्कार ठेवला. मोबाइलवर कुणी तरी तिच्या झुंजीची बातमी फिरवली होती, म्हणून लांबलांबून माणसं आली. त्याच ओट्यावर तिला खुर्चीत बसवलं, शाल घातली, नारळ दिला. भाषण करणारे म्हणाले, आजींचं प्रसंगावधान, आजींचा अनुभव, आजींसारखी माणसं आता राहिली नाहीत. डाव्या हातात नारळ धरून ती बसून राहिली. ओट्याखाली तिला विश्वजीत दिसत होता, बुटाकडे बघत उभा असलेला. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. पार्वतीबाईनंही नाही. पण शेवटी त्याला बोलायला बोलावलं तेव्हा त्यानं हात डोक्यावर नेऊन दाखवले आणि म्हणाला, "सरळ उभं राहायचं. हात वर करायचे. आणि वाकायचं नाही." या वेळी शब्दन् शब्द सगळ्यांच्या कानावर पडला. समोर मांडी घालून बसलेल्या पोरांनी हात वर करून बघितले.

नारळ घेऊन ती घरी आली तेव्हा दारात टेम्पो लागलेला होता. पलंग, गॅसची टाकी, रंगपेट्या. शाळेचं वर्ष संपायला अजून अवकाश होता. तिनं मुदतीचं नाव काढलं नाही.

"तुम्हीबी चला आत्या," प्रतिभा एकदा म्हणाली. एकदाच. आणि कुशाबाई म्हणाली, "म्हशी हायत."

शिक्रापूरला ती गेली ते ऊन तापायला लागल्यावर. पिशवीत खरवस, शेंगदाण्याचे लाडू आणि परकर-पोलक्याचा कपडा. हमरस्त्यावर ट्रकमागून ट्रक चाललेले, ओलांडायला तिला कुणा परप्रांतीय कामगारानं "आओ अम्मा" म्हणत हात धरून नेलं. गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आणि दुकानाखाली गटाराकडेला पाच-सहा कुत्री. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत प्रतिभा उभी होती. तिनं आत बघून हाक मारली आणि प्रांजल जिन्यातून धडधडत खाली आली. केस नीट वाढले नव्हते, म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला. "आज्जे!" म्हणत ती गल्लीतून पळत निघाली, आणि तिचं ते पळणं बघून कुत्री उठली.

एक भुंकलं, मग सगळीच. त्यांनी तिला मधेच गाठलं. प्रांजल थांबली. पळाली नाही, रडली नाही. दोन्ही हात तिनं डोक्याच्या वर ताठ नेले आणि टाचा उंचावून उभी राहिली, जितकं मोठं दिसता येईल तितकं. कुत्र्यांना ते हात बघून अधिकच चेव आला. एकानं हाताच्या दिशेनं उडी घेतली. ती आणखी ताठ झाली.

कुशाबाईच्या जिभेवर शब्द आला. वाक. पोरी, इथं वाक. ही कुत्री हायत, ह्यांच्या हाडात धोंडे हायत. तिनं वर पाहिलं. प्रतिभा ओला टॉवेल हातात धरून तिच्याकडेच बघत होती. पोरीकडे नाही, कुत्र्यांकडे नाही, सासूच्या तोंडाकडे.

शब्द तिनं गिळला. पिशवी खाली टाकली आणि ती स्वतः वाकली. खांद्यातून कळ डोळ्यापर्यंत गेली. खाली सिमेंटचा रस्ता, धुतल्यासारखा, त्यावर खडासुद्धा नाही. तिनं मूठ मिटली. कुत्री जागच्या जागी वळली, एकमेकांच्या अंगावर पडत गटाराकडे पळाली.

आणि त्या रिकाम्या गल्लीत प्रांजलनं किंकाळी फोडली.

"आज्जे, वाकू नको! वाकू नको! वाकू नको!"

डोळे घट्ट मिटलेले, हात तसेच वर. प्रतिभा जिना उतरून आली तरी ती ओरडतच होती. आईनं उचलून घेतलं, कुरवाळलं, कुत्री गेली गं, गेली, असं कानात सांगितलं, तेव्हा तिनं डोळे उघडले, पण ते हात खाली येईनात. गॅलऱ्यांतून माणसं डोकावू लागली. चिकनवाला सुरी हातात धरून बाहेर आला.

कुशाबाई अजून वाकलेलीच होती. खांदा धरला होता, उठता येत नव्हतं. पिशवीतून खरवसाचा डबा सांडून पांढरा ओघळ तिच्या पायापर्यंत आला होता.

"आत्या, उठा आता," प्रतिभा म्हणाली. "पोरगी बघतीय."